लवंग्याचे राहिलेले वजन

मित्रांनो, मी धड खुर्ची नाही आणि धड तराजूही नाही. शर्यतीच्या मैदानावर जॉकीला बसवून त्याचे वजन सांगणारा मी एक जुना काटा आहे. मला चामड्याची बैठक आहे, पितळी हात आहेत आणि पाठीमागे ताटाएवढी गोल तबकडी आहे. तबकडीवरच्या काचेला एक तडा गेलेला आहे. तिकडे फार लक्ष देऊ नका, म्हातारपणी कोणाचे काय शाबूत राहते?

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, बसवायला बराच वेळ घेतला. बसवायची, माप ठेवून बघायचे, मान हलवायची, पुन्हा सोडवायची, असे त्याचे चालले होते. त्याची बायको जेवायला हाका मारून कंटाळली. शेवटी तिने ताट तिथेच आणून आपटले, तेव्हा तो म्हणाला, "थांब जरा. आत्ता खोटं शिकला, तर हा जन्मभर खोटंच बोलेल." ते वाक्य मी गाठीशी बांधून घेतले.

तिथून मी मैदानावरच्या वजनखोलीत आलो. ही खोली लहानशी होती. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर खोगिरे, आणि हवेत घामाचा व मेणाचा वास. माझे काम सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. शर्यतीत प्रत्येक घोड्याने पाठीवर किती वजन न्यायचे ते आधी ठरलेले असते. शर्यतीपूर्वी जॉकी आपले खोगीर आणि खोगिराखालचा नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, मांडीवर घेऊन माझ्यावर बसतो. वजन कमी भरले तर खोगिराला शिशाच्या पट्ट्या लावतात. शर्यत संपली की त्याने घोड्यावरून उतरायचे, सामान स्वतः सोडवायचे आणि थेट माझ्याकडे यायचे. नेले तेवढे परत आणले का, हे मी सांगायचे. काटा जागेवर आला की वजन बघणारे मास्तर म्हणत, "वजन बरोबर." मगच निकाल पक्का होई. तोवर बाहेर जिंकणारा जिंकलेला नसे आणि हरणारा हरलेला नसे.

या मास्तरांना सगळे काटेमास्तर म्हणत. अंगाने किडकिडीत, मिशा मात्र भरघोस. ते कधी कोणाचा चहा घेत नसत. "आज चहा, उद्या पावशेर माफ," असे म्हणत आणि स्वतःच्या डब्यातले पाणी पीत.

माझ्यावर किती जण बसले! आता त्यांची नावे मानाच्या भिंतीवर पितळी पाट्यांवर कोरलेली आहेत. पण मी त्यांना पाटीच्या आधीपासून ओळखतो. वजन वाढू नये म्हणून पोटाला चिमटा घेऊन जगणारी ही माणसे. कोणी अर्ध्या सफरचंदावर दिवस काढलेला, कोणी बसण्यापूर्वी श्वास रोखून धरणारा. एक जण तर मला नमस्कार करून हळूच म्हणायचा, "बाबा, आज सांभाळून घे." मी सांभाळून घेत नसे, पण मला त्याची माया वाटे.

त्यांत एक होता लवंग्या. लवंगेसारखाच बारीक, म्हणून हे नाव. त्याला आईवडील नव्हते, थोरल्या बहिणीने वाढवले होते. ही ताई मैदानाच्या तबेल्यात घोड्यांचा दाणा भिजवण्याचे काम करी. घोड्यांना पोटभर खायला घालायचे आणि भावाने उपाशी बसायचे, हे तिला सहन होत नसे. "पुढच्या जन्मी घोडा हो," ती त्याला म्हणायची, "म्हणजे मला सुखानं वाढता तरी येईल."

लवंग्याची आवडती घोडी म्हणजे सावळी. त्या वर्षीच्या मोठ्या कपाला दोघे उतरले. ऊन रणरणत होते. पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, मी खोलीत होतो. नंतर आलेल्यांकडून ऐकले ते सांगतो. सावळी मानभर अंतराने जिंकली, पण खुणेचा खांब ओलांडून परत वळताना तिचे पाय लटपटले आणि फाटकाजवळच्या खडीवर ती कोसळली. लवंग्याने भराभर खोगीर सोडवले. ती डोके आपटत होती, खडीने डोळ्याखालची कातडी सोलली जात होती. त्याने नमदा काढला, दुमडला आणि तिच्या डोक्याखाली सारला. घोड्यांचे डॉक्टर धावत आले. पंच ओरडत होते, आधी वजन दे, वजन दे. तसा तो खोगीर घेऊन माझ्याकडे आला.

तो बसला. माझा काटा वर चढला आणि ठरलेल्या खुणेच्या अलीकडे थांबला. मित्रांनो, तेवढ्यापुरते पुढे सरकायचे माझ्या हातात असते तर! पण मला ते शिकवलेच नव्हते.

मास्तरांनी काचेवर टिचकी मारली. मग हळू आवाजात विचारले, "नमदा?"

"तिच्या डोक्याखाली आहे," लवंग्या म्हणाला.

एकदा बसल्यावर बाहेरून काही आणायचे नाही, मांडीवर असेल तेच धरायचे, असा नियम. मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितले. मग वळून दारातल्या पंचांना एकच शब्द म्हणाले, "कमी."

हातातोंडाशी आलेला घास गेला. कप दुसऱ्या घोड्याला मिळाला. लवंग्या वाद न घालता उठला आणि धावत सावळीकडे गेला. घोडी वाचली, पण पुन्हा शर्यतीत धावली नाही; पुढे ती लवंग्या आणि ताईच्या दारातच राहिली.

खरी जखम पुढे झाली. मैदानभर कुजबुज सुरू झाली की लवंग्याने वाटेत शिसे टाकले, वजन चोरून घोडी जिंकवली. नमदा दोघातिघांनीच पाहिला होता, आणि कुजबुजणारे त्यांत नव्हते. ताई त्याला सांगून थकली, की बाबा, चार लोकांत खरे काय ते बोल. तो म्हणे, "घोडी मरायला टेकली होती आणि मी तिचं नाव पुढे करून स्वतःची बाजू सावरू? ते मला जमणार नाही." त्यानंतर त्याने कितीतरी शर्यती जिंकल्या. माझ्यावर बसायचा, पण नजर भिंतीकडे. मास्तर "वजन बरोबर" म्हणायचे, तो उठून जायचा. दोघांमध्ये दुसरा शब्द कधी झाला नाही.

मग विजेवर चालणारा नवा काटा आला. तो लाल आकड्यांत वजन दाखवतो, त्याला टिचकीसुद्धा लागत नाही. मला कोठीत टाकले. पाण्याचे फाटके पाइप, मोडक्या बादल्या आणि मी. माझ्या बैठकीत उंदरांनी संसार थाटला. माझ्यावर बसणारे तेवढेच उरले होते, आणि त्यांचे वजन कोणी विचारत नव्हते.

एके दिवशी नव्या सेक्रेटरीबाई बादली शोधायला आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्यांनी माझे पितळ घासून घेतले, बैठक शिवून घेतली आणि एक नवा रिवाज पाडला. दर वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी मानाच्या भिंतीवर नवी नावे लागतात. तेव्हा त्या जॉकीने खोगीर घेऊन माझ्यावर बसायचे, निवृत्त काटेमास्तरांनी "वजन बरोबर" म्हणायचे आणि मगच पाटीवरचा पडदा सरकवायचा. घोड्यांचाही मान होतो. एका म्हाताऱ्या विजेत्या घोड्याने तर भाषण चालू असताना पाहुण्यांचा गुच्छ खाल्ला. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यालाच मिळाल्या.

यंदा लवंग्याचे नाव निघाले. तो ताईला घेऊन सेक्रेटरीबाईंना भेटायला आला, तेव्हा मी कोपऱ्यातच होतो. मी त्याला आधी ओळखलेच नाही. पोट सुटलेले, गुडघे दुखरे, डोक्यावर केस नावाला. तो म्हणाला, "पाटी लावायची तर लावा. पण मी त्या खुर्चीत बसणार नाही."

"घोड्यावरून दहादा पडलास, तेव्हा नाही भ्यालास," ताई म्हणाली. "आणि आता खुर्चीला भितोस?"

"खुर्चीला कोण भितंय? ज्या दिवशी ते शब्द हवे होते, त्या दिवशी मिळाले नाहीत. आता हे फुकटचं 'बरोबर' घेऊन मी काय करू?"

बाईंनी आग्रह केला नाही. मात्र त्यांनी हे मास्तरांच्या कानावर घातले. दोन दिवसांनी मास्तर काठी टेकत आले, माझ्या काचेवर टिचकी मारली आणि मग बाईंना म्हणाले, "त्याच्या ताईला निरोप द्या. तो नमदा अजून असेल, तर पिशवीत घालून आणा म्हणावं. त्याला सांगू नका."

समारंभाचा दिवस आला. लवंग्या भिंतीशी नुसता उभा राहायला आला होता. मास्तरांनी त्याला हाक मारली. "लवंग्या, ये. बस एकदा. माझं एक वजन करायचं राहिलंय."

मग म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि एक खोगीर स्वतः उचलून त्याच्यापुढे धरले. ते बघून लवंग्या आला. खोगीर मांडीवर घेऊन बसला. माझी कमान कुरकुरली आणि काटा सरसर वर गेला. कोणीतरी मागून म्हणाले, "आज 'कमी' म्हणायची सोय नाही, मास्तर." सगळे हसले, लवंग्याही हसला. मास्तर हसले नाहीत. काटा थांबला तिथे त्यांनी काचेवर बोट ठेवले आणि ताईकडे बघितले.

ताईने पिशवीतून नमदा काढला. धुऊन धुऊन विटलेला, पण एका कडेला सावळीच्या रक्ताचा तपकिरी डाग अजून होता. सावळी त्यांच्या दारात म्हातारी होऊन गेली, तोवर हिवाळ्यात तो तिच्याच पाठीवर असे. मास्तरांनी तो लवंग्याच्या खोगिरावर ठेवला. माझा काटा त्यांच्या बोटापासून थोडासा पुढे सरकला.

"बघा," मास्तर सगळ्यांना म्हणाले. "त्या दिवशी एवढंच कमी होतं. हा नमदा खडीवर, घोडीच्या डोक्याखाली होता. मला तेव्हाच कळलं होतं. नियम नियमाच्या जागी आहे, कप परत येणार नाही. पण मी नुसतं 'कमी' म्हणालो आणि काय कमी आहे ते बोललो नाही. लोक याला चोर म्हणत राहिले." त्यांनी काचेवरचे बोट उचलले. "वजन बरोबर."

कोणी टाळी वाजवली नाही, कारण लवंग्या खोगिरात तोंड लपवून रडत होता. मग त्याने मास्तरांचा हात धरला, तो किती तरी वेळ सोडला नाही. शेवटी ताईच म्हणाली, "पुरे आता. मास्तरांना बसायला खुर्ची द्या. नाहीतर तूच ऊठ आणि तीच दे." आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काटेमास्तर माझ्यावर बसले. त्यांचे वजन मी कोणालाही सांगितलेले नाही.

तो नमदा आता माझ्या बैठकीवर अंथरलेला असतो. मित्रांनो, मैदानावर आलात तर मानाच्या भिंतीवरची नावे जरूर वाचा आणि सावळीचेही नाव शोधा. ते लवंग्याच्या पाटीवर त्याच्या नावाच्या वर आहे, त्यानेच तसे करायला लावले. माझ्यासारखे जुने कोणी कोठीत पडलेले दिसले, तर एक फडके आणि थोडे तेल एवढेच पुरते. आणि तुम्हालाही पुढे कधी ना कधी कोणाचे तरी मोजमाप करावे लागेल. तेव्हा खरे तेच सांगा, माझ्यासारखे. पण कोणाचे काही कमी भरले, तर "कमी" म्हणून मोकळे होऊ नका. ते तो कोणाच्या डोक्याखाली ठेवून आला आहे, एवढे एकदा विचारा, आणि त्याने सांगितलेले चार लोकांना ऐकवा.