आत झोपवू का भाईर?

पीरसाब गुरुजींच्या शिकवणीला सात पोरं येत, पण हजेरी घेताना गुरुजी आठव्याची वाट बघत.

सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत, मुलीच्या घराच्या माडीवर ते राहत. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी दुपारचे चार वाजले की सतरंजी पसरून ते भूगोल शिकवायला बसत. आधी हजेरी. एकेक नाव घ्यायचं, "हजर गुरुजी" ऐकायचं, वहीत टिंब द्यायचं. सातवं नाव झालं की ते थांबत. मान थोडी तिरकी, पेन हातात तसाच. मागच्या ओळीतून कुणी उशिरानं ओ देईल, तसं ऐकत राहायचे. मग काही न लिहिता वही मिटायचे. पोरांना त्याची सवय झाली होती. पोरं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात आणि कमी विचारतात.

खिडकीत पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या असे. तो प्यायचा नव्हता, बघायचा होता. बत्तीस वर्षं गुरुजी जिथं राहिले तिथं तो तांब्या होता. इथं मात्र सात बाजूंनी सात रस्त्यांची वाहनं यायची, ट्रक गेला की पाण्यावर वर्तुळं उठायची, आणि दिवसातून पन्नास वेळा गुरुजी शिकवता शिकवता थांबायचे.

"नाना, पानी हिल्या!" नात इफ्रा ओरडायची.

"ट्रक होता गं," ते म्हणायचे. पण आधी तांब्याकडे बघायचे, मग छताकडे, आणि मगच म्हणायचे.

त्या दिवशी इफ्रा सातवीचं पुस्तक घेऊन बसली होती. गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. "नाना, दख्खनचं पठार हा कसा भूभाग आहे? दोन अक्षरी शब्द पाहिजे, खाली दिलाय. स्थि..."

"पुढचा प्रश्न घे," गुरुजी म्हणाले.

"पण हा एकच राहिलाय."

"मग तो राहू दे."

तेवढ्यात जिना वाजला. एकेका पायरीवर दम खात कुणीतरी वर येत होतं. दारात आधी काठी दिसली, मग खांद्यावरचं काळं घोंगडं, मग एक म्हातारी. तिनं सगळी खोली नजरेनं मोजली आणि गुरुजींवर येऊन थांबली.

"मास्तर, डोस्क्यावर कापूस पिकला की तुमच्या."

गुरुजी उठले. बत्तीस वर्षं त्यांनी हा आवाज झोपेत ऐकला होता. जागेपणी तो ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी त्या गावाची एस.टी. कधी धरली नव्हती, त्या बाजूच्या लग्नाला गेले नव्हते.

"अंबुबाई," ते म्हणाले. "बसा."

"बसाया न्हाय आले. इचाराया आले."

गुरुजींनी पोरांना सुट्टी दिली. इफ्रा गेली नाही. ती तांब्याजवळ जाऊन बसली.

अंबुबाई काय विचारणार ते गुरुजींना ठाऊक होतं, असं त्यांना वाटलं. माझी पोर का गेली, असं ती विचारणार. ते उत्तर त्यांनी इतक्या वेळा मनात घोकलं होतं की एखाद्या कवितेसारखं पाठ झालं होतं.

गोष्ट अशी होती. तेव्हा गुरुजी अठ्ठावीस वर्षांचे होते, जिल्ह्याच्या पूर्व हद्दीवरच्या एका गावात चौथीच्या वर्गाला शिकवत. ब्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेरीस तिथं जमिनीतून आवाज येऊ लागले. बारीक हादरे बसायचे, भांडी किणकिणायची. धनगरं म्हणायची, भुई घोरायलीय. लोक भिऊन खळ्यात, मेंढवाड्यात झोपू लागले. पोरं रात्रभर थंडीत कुडकुडायची आणि सकाळी वर्गात पेंगायची. तरण्या मास्तरला त्यांची दया आली. पुस्तक काखेत मारून तो दिवेलागणीला घरोघर फिरला. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं की दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग आहे. भूकंप होतात ते हिमालयाकडे.

मेंढवाड्यात अंबुबाई बसली होती. तिची दिपाली, वय वर्षं नऊ, कोकराला मिठी मारून निजली होती. अंबुबाईनं एकच विचारलं, "मास्तर, पोरीला आत झोपवू का भाईर?"

"आत झोपवा," मास्तर म्हणाला. "आपल्या पायाखाली काळा पत्थर आहे. तो हलत नाही."

मास्तरनं सांगितलंय म्हटल्यावर सगळं गाव आत गेलं. वर्षभर काही झालं नाही. मास्तरचा मान वाढला. मग त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बोळवून दमलेलं गाव गाढ झोपेत असताना, पहाटे चारच्या सुमारास काळा पत्थर हलला. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती माणसांवर बसल्या. गुरुजींच्या वर्गातली चार पोरं गेली. दिपाली त्यातली एक. मेंढरं मात्र सगळी शाबूत होती, कारण ती बाहेर होती.

दोन महिन्यांत मास्तरनं बदली करून घेतली. अंबुबाईला न भेटता तो निघून गेला.

"इचारू का?" अंबुबाई म्हणाली.

"विचारा."

"भुई पुन्ना घोरायलीय. म्हैना झाला. गाव भाईर झोपतंय. पोराची दोन लेकरं हायती माजी. रात्री पाऊस येतोय, लहानीला खोकला झालाय." तिनं काठी दोन्ही हातांत धरली. "मास्तर, नातवंडांला आत झोपवू का भाईर?"

गुरुजींनी जन्मभर घोकलेलं उत्तर या प्रश्नाचं नव्हतं.

"हे तुम्ही मला विचारता?" ते म्हणाले. "मला? अंबुबाई, मोठ्या कॉलेजात लोक आहेत, तहसीलदार आहेत..."

"आलते की सायेब. जीपमदनं उतरले, 'घाबरू नका' म्हनले, च्या पिऊन गेले. तुमी बी तवा तेच म्हनला व्हता."

"म्हणूनच विचारतो. मी तर चुकलो होतो."

"मंग? म्हनून तर आले." अंबुबाई आता बसली. "ज्या कुत्र्याच्या देखत लांडगं मेंढरू नेतं न्हवं, त्यो कुत्रा पुन्ना झोपत न्हाय. दुसऱ्यानं दोन मेंढरं देतो म्हनलं तरी आमी तसलं कुत्रं देत न्हाय. तुमी झोपलाव काय मास्तर, तवापसनं?"

इफ्रानं तांब्याकडे बोट केलं आणि अंबुबाईला हळूच सांगितलं, "नाना रोज बघतात."

"दिसलं मला," अंबुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गुरुजी अंबुबाईबरोबर तिच्या गावाला निघाले. निघताना पिशवीत त्यांनी एक जुनी सोलापुरी चादर घातली. तांब्या इफ्राच्या हवाली केला. अंबुबाई खिडकीशी बसली होती. वाटेत तिनं फक्त पीकपाणी सांगितलं. गुरुजींना मात्र दर थांब्यावर उतरून परत फिरावंसं वाटत होतं.

गाव बदललं होतं. रस्ता होता, टाकी होती. पण अंबुबाईच्या दाराशी आल्यावर गुरुजी उंबऱ्याबाहेरच थांबले. भिंत तीच होती. तोच काळा दगड, तीच मातीची सांध.

"पडली होती ना ही?" त्यांनी विचारलं.

अंबुबाईचा मुलगा बिरुदेव म्हणाला, "पडली व्हती की. बानं पुन्ना रचली. त्येच दगडं. चांगला घडीव दगड टाकून कोन देतंय, गुरुजी? उन्हाळ्यात लई गार ऱ्हातंय आत."

गुरुजींनी भिंतीवर हात टेकला. दगड खरंच गार होता. त्यांच्या मनात आलं, त्या पोरीवर पडलेले दगड तिच्या भावाच्या लेकरांच्या उशाशी उभे आहेत, आणि हे कुणाला वाईट म्हणून सुचलंही नाही. दगडाचा तरी काय दोष.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेंढवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत लोक जमले. पुढं पोरं बसली. मागं काही म्हातारी माणसं होती, ज्यांना तरणा मास्तर आठवत होता. त्यांच्यातला धुळाप्पा मोठ्यानं म्हणाला, "काय मास्तर, आज बी पुस्तक आनलंय का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "चादर आणलीय."

त्यांनी ती जमिनीवर पसरली, एक कड मेंढवाड्याच्या कुडाला टेकवली. शिकवायला लागल्यावर त्यांचा आवाज आपोआप सावकाश झाला.

"पोरांनो, ही आपली जमीन. आपल्याला वाटतं ती जागच्या जागी आहे. पण पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सगळे सरकतात. आपला देश ज्या तुकड्यावर आहे तो उत्तरेकडे चाललाय. वर्षाला जेमतेम तीन बोटं. हा कूड म्हणजे पलीकडचा मोठा तुकडा. आता चादर सरकवा बघू कुडाकडं."

पोरांनी दोन्ही हातांनी ढकललं. कुडापाशी चादरीला चुण्या पडल्या, उंच झाल्या.

"हिमालय!" विरेश नावाचा पोरगा ओरडला.

"हिमालय. अजून उंच होतोय. बत्तीस वर्षांपूर्वी मला एवढंच ठाऊक होतं. भांडण तिकडं, आपण इकडं, मधे हजार कोस. आता चादरीचा हा मधला भाग बघा."

मधे एक जुनं रफू होतं. गुरुजींनी घरून निघतानाच ते बघून ठेवलं होतं. "लांबून ही चादर एकसारखी दिसते. ढकलता तुम्ही इथून, चुण्या पडतात तिथं, पण ताण सगळ्या चादरीला बसतो. आणि जिथं जुनं रफू आहे, तिथं सूत उसवतं. आपल्याखाली काळ्या दगडाचे थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली, तापलेला रस बाहेर आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. थरावर थर, जाड घोंगड्यांसारखे. त्या घोंगड्यांखाली त्याहून जुना खडक आहे आणि त्यात जुनी रफू आहेत. वरून दिसत नाहीत. मलाही दिसली नव्हती. पुस्तकालाही नाही."

"म्हंजी पुन्ना व्हनार?" बिरुदेवनं विचारलं.

हाच तो प्रश्न होता. गुरुजींना अठ्ठावीस वर्षांचा मास्तर आठवला, किती चटकन उत्तर द्यायचा तो.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "हे आवाज विरूनही जातील. पावसाचं पाणी भेगांत मुरलं की असे आवाज येतात म्हणतात. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगितलं होतं छातीठोकपणे. मी म्हणालो होतो, जमीन स्थिर आहे." तो शब्द बत्तीस वर्षांनी तोंडातून निघाला आणि त्यांना तो अनोळखी वाटला. "ती स्थिर नाही. कधीच नव्हती. मी चुकलो, आणि न भेटता पळून गेलो. एवढं सांगायला आलोय."

धुळाप्पानं मान खाली घातली.

"आनि लेकरं?" अंबुबाईनं विचारलं. "आत का भाईर?"

"दगडाच्या भिंतीपाशी नाही. आज नाही, आवाज थांबल्यावरही नाही. तो पत्र्याचा गोठा आहे ना मेंढरांचा, बांबूंवरचा? पाऊस आला तर पोरं त्याच्याखाली. पडला तरी जीव जायचा नाही."

"आनि मेंढरं?"

"मेंढरं दगडाच्या खोलीत."

"व्वा!" अंबुबाई म्हणाली. "मेंढरांला वाडा आनि मानसांला गोठा. लई शिकलाव, मास्तर." पण तिनं बिरुदेवकडे बघितलं आणि बिरुदेव उठून गोठा झाडायला लागला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "मेंढरं बी नगं आत. भाईरच ऱ्हाऊ द्या त्यांला."

दिवस मावळायला आला होता. पोरं जाईनात. सवयीनं गुरुजी म्हणाले, "चला, हजेरी घेऊ." त्यांनी एकेकाला नाव विचारलं आणि तेच नाव पुकारलं. विरेश, हजर. प्रभु, हजर. आयेशा, हजर. अंबुबाईची खोकणारी नात सगळ्यांत शेवटी होती, तिनं खोकतच हजेरी दिली.

मग गुरुजी थांबले. मान तिरकी झाली. रोज इथंच वही मिटत असे. आज हातात वही नव्हती. समोर अंबुबाई होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"दिपाली," गुरुजी म्हणाले.

पोरांनी मागं वळून बघितलं. मग आधी मेंढरांनी माना वर केल्या, सगळ्यांनी एकदम. आणि खालून, फार खालून, जात्यात भरड पडावी तसा आवाज आला. चादरीवरची चुणी हलली की नाही, नक्की सांगता आलं नसतं. आवाज आला तसा पूर्वेकडं सरकत गेला आणि मिटला. दगडाच्या भिंतीतून थोडी माती झरली.

गुरुजींनी आधी छताकडे बघायला मान वर केली. वर छत नव्हतं, आभाळ होतं. त्यांनी पोरं मोजली. सगळी बाहेर होती. पुन्हा मोजली.

खोकणारी पोर आजीला बिलगली होती. अंबुबाईनं तिच्यावर घोंगडं ओढलं. तिची नजर भिंतीवर नव्हती, जमिनीवर होती, दाराशी कुणी उशिरा आलं की बघतात तशी.

"ऱ्हायलेली तीन नावं बी घ्या, मास्तर," ती म्हणाली. "लई दिवस वाट बघायलीत."