चकरी खराब नव्हती

मित्रांनो, मी चकरी. मला जुनी म्हणालात तर राग नाही, वय झालेच आहे. पण खराब म्हणू नका. तो शब्द मी सव्वा वर्ष रोज ऐकला आणि तो खोटा होता.

बागेत मुलांना उभे करून गोल गोल फिरवते ती लोखंडी चकरी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. सध्या कळंबोलीत एका भंगारवाल्याच्या आवारात, दोन गंजक्या दरवाजांच्या मध्ये मला उभी टेकवून ठेवली आहे. इथून दोन गल्ल्या पलीकडेच माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने पाइप वाकवून माझे सहा दांडे केले, खाली जाड पत्र्याची गोल थाळी बसवली आणि तिच्या पोटात एका जुन्या मालट्रकच्या चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो मधला भाग, घातला. वर्षानुवर्षे पुण्याचा घाट चढलेला-उतरलेला हब तो. काम झाल्यावर कारागिराने मला एका बोटाने ढकलले आणि किती तरी वेळ मी फिरतच राहिले. "ही आता थांबायची नाय," तो म्हणाला. त्याचे बोलणे मी मनावर घेतले होते.

मला नेरूळच्या एका बागेत नेऊन बसवले. बागेच्या एका अंगाला सोसायटीच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला जुने गावठाण. दोन्हीकडची मुले माझ्याकडे यायची. बागेचा माळी आणि राखणदार एकच, गंगाराम. जालन्याकडचा माणूस, ठेकेदाराकडे कामाला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो डबा घेऊन यायचा, माझ्याखाली आडवा व्हायचा आणि हबमध्ये ग्रीस भरायचा. त्याला तसे कोणी सांगितलेले नव्हते. नंतरच्या लोकांना कोणी सांगितले नाही, म्हणून त्यांनी केले नाही.

गंगारामने माझ्यावर एक कायदाही लावला होता. सहा वर्षांच्या आतली मुले मधोमध खांबाला धरून बसतील. सहा पूर्ण झालेली कडेवर उभी राहतील, एकेक दांडा धरून. आणि नऊ वर्षांपासून पुढची ढकलतील. खरे सांगते, मजा कडेवरच होती. मध्ये बसणाऱ्याला वारा लागत नाही आणि ढकलणाऱ्याला दम लागतो. कडेवरच्या मुलांचे केस उडायचे, झगे फुगायचे आणि ती अशी काही ओरडायची की सोसायटीतली माणसे खिडक्या लावून घ्यायची.

गावठाणातली उन्नती तेव्हा मध्ये बसणाऱ्यांत होती. तिचे आजोबा नामदेव तिला रोज संध्याकाळी घेऊन येत आणि बाकावर बसत. कुठला दांडा आपला, हे तिने केव्हाच ठरवून ठेवले होते. पिवळा. त्याला कोणी हात लावला की ती मधूनच ओरडायची, "तो माझा आहे, मी येणारेय तिथे!"

"दम धर की पोरी," गंगाराम म्हणायचा. "एप्रिलात सहा पुरी झाली की पिवळा दांडा तुजाच."

ते साल दोन हजार वीस होते. मार्चमध्येच बाग बंद झाली.

फाटकाला कुलूप लागले. झोपाळ्यांच्या साखळ्या काढून नेल्या, घसरगुंडीच्या शिडीला दोरी गुंडाळली. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. माणसे मरत होती, रुग्णवाहिकांचे भोंगे मलाही ऐकू येत होते. एप्रिल आला आणि गेला. उन्नतीचा वाढदिवस घरातच झाला असणार.

माझी तक्रार पुढच्या वर्षाची आहे. जानेवारी उजाडला तेव्हा बाग उघडली, पण फक्त चालायला येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. आमच्या कोपऱ्याला जाळीचे कुंपण तसेच राहिले. मोठी माणसे घोळक्याने हसत-बोलत फेऱ्या मारायची आणि मुले जाळीला नाक लावून बघायची. मग व्हायचे तेच झाले. चार मुले जाळी ओलांडून आली आणि मी दहा महिन्यांनी फिरले.

समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी अरविंदराव सकाळ-संध्याकाळ चालायला यायचे. त्यांनी मुलांचा फोटो काढला आणि तक्रार केली. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा वेल्डर आला. झोपाळा काढता येतो, माझे काय काढणार? म्हणून त्याने बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी घेतली आणि माझी फिरती थाळी खालच्या पक्क्या बैठकीला जोडून टाकली. दोन ठिणग्या, थोडा धूर, झाले काम.

"साहेब, दोरीनं बांधू की," गंगाराम आधीच अरविंदरावांना म्हणाला होता. "वेल्डिंगचा टाका कशाला मारायचा?"

"अहो, दोरी सोडतात ही पोरं. उद्या कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? मला टेन्शन नकोय."

"आन् बाग उघडल्यावर ह्यो काढायचा कोनी?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना."

जाळीबाहेर उन्नती आजोबांचा हात धरून उभी होती. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. डोळे दिसले.

त्या उन्हाळ्यात ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली आणि गंगारामला घरी पाठवले. जाताना तो माझ्याकडे आला, पट्टीवरून बोट फिरवले आणि उरलेले ग्रीस कडेकडेने हबवर लिंपून गेला. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून.

बाग उघडली ती दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. आदल्या दिवशी माणसे कामांची यादी घेऊन आली होती. झोपाळ्यांना साखळ्या बसवणे, घसरगुंडीची दोरी सोडणे, जाळी काढणे, बाकांना रंग देणे. यादीत माझी पट्टी नव्हती. ती लिहिणार कोण? ज्याला आठवण होती तो जालन्याला होता. आणि ज्यांना आठवण असायला हवी होती ते फीत कापताना दुसऱ्या रांगेत उभे होते.

मुले आत धावली. सगळीच नाही. चार वर्षांची एक चिमुरडी घसरगुंडीपाशी उभी राहून आईला विचारत होती, "याचं काय करायचं?" मला वाटले, निदान माझ्याकडे येणाऱ्यांना मी लगेच शिकवीन. सहा मुले आली, ढकलू लागली. मी हलले नाही. मी आतून किती जोर लावला ते तुम्हाला सांगून खरे वाटणार नाही.

"खराब आहे रे ही," एक जण म्हणाला आणि सगळी झोपाळ्याकडे पळाली.

त्या दिवसापासून माझे नाव खराब चकरी. मोठ्या माणसांनीही तेच उचलले. माझ्यासमोरच्या बाकावर बसून ती मुलांबद्दलही बोलत. मुले बिघडली, घुमी झाली, मोबाइल सोडत नाहीत, पळायला लावले तर धापा टाकतात. मी ऐकत होते. दोन वर्षे त्यांना घरात कोणी बसवले आणि हातात मोबाइल कोणी दिला, हा विषय त्या बाकावर एकदाही निघाला नाही. आम्हाला जोडून टाकणारेच आम्हाला बिघडलेले म्हणत होते. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असे मला वाटतही नाही.

फक्त एकीने मला खराब म्हटले नाही. उन्नती तेव्हा साडेसात वर्षांची होऊन गेली होती. तिने पिवळा दांडा धरून दोनदा ढकलले, मग शाळेच्या गणवेशासकट मातीत आडवी झाली आणि माझ्याखाली डोकावली. उठली ती थेट अरविंदरावांकडे गेली.

"काका, ती खराब नाहीये. खाली पट्टी जोडलीय, तेव्हा जोडली होती ना, तीच. काढायची राहिलीय फक्त."

"हो का? बघू हं," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या गालाला हात लावला. वाकले मात्र नाहीत. एप्रिलात महापालिकेचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी बुटाच्या टोकाने मला ढोसले आणि वहीत लिहिले, 'चकरी नादुरुस्त'.

शेवटी उन्नतीने बापाला, हरेशला, सांगितले. हरेशचे गावठाणात फॅब्रिकेशनचे, लोखंडी दारे-जाळ्या बनवायचे दुकान होते. एका रविवारी सकाळी तो लोखंड कापायचा, बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आला. सोबत नामदेव आणि उन्नती. हरेशने गुडघे टेकले, ग्राइंडर सुरू केला आणि माझा जीव पट्टीत येऊन बसला. आता फिरणार, आता फिरणार!

"ओ हरेशशेठ, काय चाललंय?" अरविंदराव चालता चालता थांबले.

"पट्टी कापतोय. दोन मिन्टांचा काम हाय."

"सरकारी मालमत्ता आहे ती. हात लावलात तर मला कंप्लेंट करावी लागेल. हे बघा, व्हिडिओ काढतोय मी."

"अवो, पट्टी लावली तवा तुमीच हितं हुबं होता ना?"

"ते तेव्हाच्या नियमाप्रमाणे होतं."

"मंग आताच्या नियमापरमानं काढा की," नामदेव बाकावरून म्हणाले. "पोरीचा वय काय तुमच्या नियमासाठी थांबनार हाय?"

अरविंदरावांनी मोबाइल खाली केला नाही. हरेश दुकानदार माणूस. पोलिसांचे लचांड त्याला परवडणारे नव्हते. त्याने ग्राइंडर बंद करून पिशवीत टाकला. उन्नती त्याच्या शर्टाला धरून ओढत होती, "पप्पा, दोनच मिनिटं, पप्पा." तो तिच्याकडे बघू शकला नाही.

ते गेल्यावर अरविंदराव आपल्या घोळक्यात सावकाश म्हणाले, "ही फिरायला लागली ना, तर नवीन सेटचा प्रस्ताव बोंबलेल. रबराची फरशी, प्लास्टिकची घसरगुंडी, सगळं मंजूर होत आलंय. यांना काय कळतंय?"

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. त्यांना सोसायटीसमोर छान, रंगीत काही तरी हवे होते. पण त्यासाठी मी खराब असणे गरजेचे होते, आणि मी खराब नाही हे त्या बागेत त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे सबंध वर्ष गेले. उन्नती यायची, बाकावर बसायची, पिवळ्या दांड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडायची. हळूहळू ती यायची बंद झाली.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात मला काढायला प्रितम आला. गॅसकटरवाला, कळंबोलीचाच पोरगा. बागेबाहेर ट्रक उभा. अरविंदराव देखरेखीला हजर, आणि सुट्टी असल्यामुळे बागेत आयांबरोबर बरीच मुले होती. प्रितमने आधी काय केले सांगू? तो खाली वाकला. हबचे बोल्ट कुठे आहेत ते बघायला हवे होते ना.

"आयला! हिला टाका कोणी मारलाय?" तो ओरडला. बोल्ट काढायला मला फिरवणे भाग होते, म्हणून त्याने पट्टीवर कटर धरला. निळी ज्योत, मोजून दहा-बारा सेकंद. मग त्याने मला एका बोटाने ढकलले.

मी फिरले. कुरकुर नाही, अडखळणे नाही. गंगारामचे ग्रीस अजून पोटात होते. फिरतच राहिले.

"ही तर एकदम ओके आहे," प्रितम म्हणाला. "काढायची कशाला?"

"वर्क ऑर्डर निघालीय," अरविंदराव म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून उन्नती आली. कोणी तरी घरी जाऊन सांगितले असणार, चप्पल न घालताच धावत आली होती. पिवळा दांडा तिच्यासमोरून एकदा गेला, दोनदा गेला. प्रितमने मला थांबवले. "ये गं, ट्रक रिव्हर्स येईपर्यंत घे दोन चकरा."

तिने दांडा धरला, एक पाय वर ठेवला. तोवर मी थांबताच माझ्यावर सहा-सात लहानगी चढून बसली होती, कोणी खांबाला धरून, कोणी कडेला. त्यांनी मला फिरताना आजच पाहिले होते. ढकलायला कोणीच नव्हते. नऊ वर्षे पूर्ण झालेली तिथे एकटी तीच होती. उन्नतीने त्यांच्याकडे पाहिले आणि पाय खाली घेतला.

तिने ढकलले. अनवाणी, तापलेल्या मातीवरून धावत तिने मला असे फिरवले की लहानगी किंचाळू लागली, झगे फुगले, केस उडाले. मधल्या जागेवरून ती थेट ढकलणारी झाली होती. कडेवर उभे राहायचे वय त्या पट्टीखाली गेले.

ट्रक आला. मुलांना उतरवले. उन्नती धापा टाकत अरविंदरावांसमोर उभी राहिली. "मी सांगितलं होतं ना, काका?"

ते मोबाइलमध्ये बघत होते. त्यांना ऐकू आले होते, मला माहीत आहे.

आता त्या जागी रबराची फरशी आणि प्लास्टिकचा रंगीत सेट आहे, असे प्रितम इथे कोणाला तरी सांगत होता. तिथे पाटी आहे म्हणे, फक्त आठ वर्षांखालील मुलांसाठी.

काल इथल्या मेकॅनिकने माझा हब सोडवून घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "नव्यासारखा आहे, ट्रेलरला लावतो." तो पुन्हा घाट चढेल. माझी थाळी आणि दांडे वितळवायला जातील. पिवळा रंग थोडा शिल्लक आहे.

म्हणून घाईने सांगते, मित्रांनो. आज तुम्ही लहान आहात, उद्या तुम्हीही सेक्रेटरी व्हाल, वहीत लिहिणारे साहेब व्हाल. एखादी वस्तू हलेनाशी झाली, एखादे मूल बोलेनासे झाले, तर खराब असे लिहिण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आपणच लावलेली पट्टी तिथे राहून गेलेली असते. फार अवघड नाही ते. साडेसात वर्षांच्या मुलीला जमले होते.