आम्रपालीची हरकत

पर्वती पायथ्याच्या विहारात एक पद्धत आहे. कुठलाही निर्णय अध्यक्ष दशरथकाका सभेपुढे तीन वेळा ठेवतात. "कुणाची हरकत?" असं तीनदा विचारायचं, कुणी बोललं नाही तर संमती धरायची. भिक्खूसंघाची जुनी रीत आहे, असं ते सांगतात. मग सगळे मिळून "साधु, साधु, साधु" म्हणतात आणि विषय संपतो.

उत्तरेश्वरांचं प्रकरण असंच संपलं होतं. ते बौद्धाचार्य, म्हणजे विहारातर्फे समाजातली लग्नं लावणारे. पत्नीशी एकनिष्ठ राहण्याची प्रतिज्ञा नवऱ्यामुलाकडून तेच म्हणवून घेत. ऑफिसच्या प्रशिक्षणाला नाशिकला जातो असं घरी सांगून ते वाघोलीला सुरुची नावाच्या बाईच्या फ्लॅटवर राहतात, हे बाहेर आलं तेव्हा विहारात कुजबुज सुरू झाली. एका रविवारी वंदनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. दशरथकाकांनी विचारलं, "आम्रपालीताईंनी यांना माफ केलं असं धरायला कुणाची हरकत?" उत्तरेश्वरांची बायको आम्रपाली दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तीनदा विचारून झालं. साधु, साधु, साधु.

घरी येताना उत्तरेश्वर स्कूटर चालवत शीळ घालत होते.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात प्रतिज्ञेआधी ते सांगू लागले, "संसारात क्षमा लागते. मी चुकलो, पण माझ्या आम्रपालीने मोठ्या मनाने मला माफ केलं." लोक माना वळवून तिच्याकडे बघत. एका लग्नात नवरीची आई तिच्या पाया पडली. "ताई, तुमच्यासारखं मन माझ्या लेकीला लाभो." आम्रपालीने जेवणाचं भरलेलं ताट तसंच ठेवलं आणि हात धुतले.

"वहिनी, सोडा ना आता," नणंद नंदा म्हणाली. "मनात ठेवलं की आपलंच बीपी वाढतं."

"माझं नॉर्मल आहे. तुमच्या भावाचं वाढवायचंय."

यंदा विहाराने नवराबायकोंच्या भांडणांसाठी सल्ला केंद्र काढायचं ठरवलं. प्रमुख म्हणून नाव पुढे आलं ते उत्तरेश्वरांचंच. त्या रविवारी ते आरशासमोर उभे राहून म्हणाले, "तू आज पहिल्या रांगेत बस. फोटोत दिसायला हवीस."

"बसते की," आम्रपाली म्हणाली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून दिली. कॉलरवरून दोनदा फिरवली.

वंदना झाली. दशरथकाकांनी प्रस्ताव वाचला. "कुणाची हरकत?" पंख्याचा आवाज तेवढा येत होता. "कुणाची हरकत?" उत्तरेश्वर खुर्चीच्या कडेला सरकून बसले. "कुणाची हरकत?" ते उठलेच होते.

"माझी आहे."

दशरथकाकांनी चष्मा सारखा केला. "ताई, काही सूचना आहे का?"

"सूचना नाही, हरकत. या माणसाला मी माफ केलेलं नाही. लग्नालग्नांत हे जिची गोष्ट सांगतात ती माफी यांनी माझ्याकडे कधी मागितलेलीच नाही."

उत्तरेश्वर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आम्रपाली, घरचं घरी बोलू."

"घरचं मांडवात तुम्ही नेलंत. मी फक्त दुरुस्ती करतेय."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. उत्तरेश्वरांनी वळून पाहिलं, पण कोण ते कळलं नाही.

"पण ताई, तेव्हा आपण गप्प होता," दशरथकाका म्हणाले.

"सगळ्यांसमोर रडू फुटू नये म्हणून दात आवळून बसले होते. आपण ती संमती धरलीत." तिचा आवाज चढला नाही. "यांना नेमायचं तर नेमा. पण केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी दारात उभी राहून हे सांगेन. रविवारी मला सुट्टीच असते."

विषय तहकूब झाला. लोक चहाच्या टेबलाकडे वळले. एरवी ज्यांच्याभोवती घोळका असे ते उत्तरेश्वर भिंतीपाशी एकटे उभे होते. त्यांना चहा नेऊन द्यायला कुणी पुढे झालं नाही. आम्रपाली त्यांच्याकडे बघत चहा प्यायली. मग आणखी एक कप मागून घेतला.

पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी दुसरे बौद्धाचार्य ठरवल्याचा एका घरातून संध्याकाळी निरोप आला. उत्तरेश्वर फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले. ती मेथी निवडत होती.

"पार इज्जत घालवलीस माझी."

"हो."

"एवढं होतं तर तेव्हाच बोलायचंस."

"तेव्हा काकांनी सभेला विचारलं होतं. मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही तर नाहीच."

ते आत आले. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"मग आता विचारतो. माफ करशील?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. त्यांच्याकडे नीट बघितलं.

"नाही."

हे म्हणताना इतकं मोकळं वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"मग विचारून उपयोग काय?"

"उद्या परत विचारा."

"उद्या काय म्हणशील?"

"नाहीच म्हणणार आहे. पण विचारा."