निशिगंधाचा पिवळा इअर मफ

मित्रांनो, गाणी ऐकायला मिळतील म्हणून मला कानांवर चढवाल, तर फसाल. माझ्यात वायर नाही, बॅटरी नाही. मी एक जुना इअर मफ आहे. दोन पिवळ्या वाट्या, त्यांच्या आत स्पंज आणि दोन्ही वाट्यांना जोडणारी डोक्यावरची पट्टी, एवढंच माझं शरीर. मोठा आवाज कानापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे माझं काम.

चिखलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी साच्यातून बाहेर पडलो आणि थेट चाकणच्या कारखान्यात गेलो. तिथं पत्रा दाबून मोटारींचे दरवाजे बनवणाऱ्या मोठमोठ्या प्रेस होत्या. प्रेस खाली आली की पायाखालची जमीन थरथरायची. मी ज्योतीरामांच्या वाट्याला आलो. ते लातूरकडचे, कामासाठी इकडं आलेले. शिफ्ट संपली की ते मला रुमालानं पुसून लॉकरमध्ये ठेवायचे. "ज्योतीराम, तुमचा मफ अजून नव्यासारखा दिसतो राव!" असं सेफ्टीचे साहेब म्हणाले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पुढे कंपनीनं सगळ्यांना नवे मफ दिले आणि आम्ही जुने भंगारात निघालो. ज्योतीरामांनी साहेबांना विचारून मला घरी आणलं, पण घरी माझं काय काम? माळ्यावरच्या एका पिशवीत मी धूळ खात पडलो.

त्यांच्या खोलीला लागूनच खिडक्यांच्या ग्रिल बनवायचं दुकान होतं. तिथला ग्राइंडर सुरू झाला की त्यांची लहानगी निशिगंधा कॉटखाली शिरायची आणि कान दाबून रडत राहायची. तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. जो आवाज इतरांना नुसता मोठा वाटतो, तो तिला दुखतो. डॉक्टरांनी हे तिच्या आईला, अंजलीताईंना, समजावून सांगितलं होतं. पण शेजारचा ग्राइंडर कोण थांबवणार?

एका रविवारी ज्योतीरामांना माझी आठवण झाली. त्यांनी मला झटकून पुसलं, वाकून कॉटखाली हात घातला आणि तिच्या कानांवर बसवलं. रडणं थांबलं. थोड्या वेळानं निशिगंधा सरपटत बाहेर आली. ग्राइंडर चालूच होता.

"लांब गेला," ती म्हणाली.

"काय गेलं बाळा?" अंजलीताईंनी तिच्या जवळ बसून विचारलं.

"आवाज. लांब गेला."

त्या दिवसापासून मी तिचा झालो. शाळा, बस, लग्नाचे हॉल, सगळीकडं मी तिच्याबरोबर असायचो. माझ्या वाट्यांच्या कडेच्या मऊ गाद्या फाटल्या की ज्योतीराम नव्या बसवून द्यायचे. निशिगंधा मोठी झाली, गणितात सगळ्यांच्या पुढं गेली आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाली.

कॉलेज हायवेला लागून होतं. बाहेर ट्रेलरचे हॉर्न, आत खडखडणारे पंखे आणि वर्गभर गप्पा. मी कानांवर असलो की फळ्याजवळून बोलणाऱ्या सरांचं बोलणं तिला अर्धंमुर्धं ऐकू यायचं, आणि मला काढलं की बाकीच्या आवाजांत तेही हरवायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "काय डीजे, आज कुठलं गाणं?" तेव्हा तिच्या शेजारी बसणारी चऱ्होलीची संस्कृती मागं वळून म्हणायची, "त्यात गाणं वाजत न्हाई. मी घालून बघितलंय. तूपण बघ, जरा गप तरी बसशील!"

मग पहिल्या सत्राची परीक्षा आली. पेपर गणिताचा होता. निशिगंधा बाकावर बसली आणि पर्यवेक्षक निरंजन सर तिच्यापाशी थांबले.

"हे काढ. परीक्षेत असलं काही चालत नाही."

"सर, यात... यात काही..." घाबरली की तिचे शब्द अडतात. ते त्या दिवशीही अडले.

"नियम सगळ्यांना सारखा आहे," सर म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या टेबलावर ठेवलं.

शेजारी कॉलेजची नवी इमारत बांधत होते. पेपर सुरू झाला आणि तिथं फरशी कापायचं मशीन किंचाळू लागलं. मी टेबलावरून बघत होतो. निशिगंधानं डावा कान तळहातानं दाबला, मान वाकडी करून उजवा कान खांद्याला चिकटवला आणि तशीच लिहू लागली. एक गणित झालं. दुसरं अर्ध्यावर आलं. मग तिनं पेन खाली ठेवलं, दोन्ही हात कानांवर घेतले आणि डोळे मिटले. मित्रांनो, दोन्ही हात कानांवर असले तर लिहायचं कशानं? मी तिच्यापासून चार पावलांवर होतो आणि तिच्या काहीही उपयोगाचा नव्हतो.

गणितात ती नापास झाली, तो विषय राहिला.

"लई झालं कॉलेज," अंजलीताई डोळे पुसत म्हणाल्या. "घरीच काहीतरी शीक. असा त्रास नको बाई तुला."

ज्योतीराम मला हातात घेऊन बसले होते. "कंपनीत हे घातल्याबिगर मला मशीनजवळ जाऊ देत नव्हते," ते म्हणाले. "अन् हिला हे घातलं म्हणून पेपर लिहू देईनात. असं कसं?"

निशिगंधानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती संस्कृतीला घेऊन प्राचार्यबाईंच्या केबिनमध्ये गेली. बाईंनी निरंजन सरांनाही बोलावलं.

"मी बोलेन," निशिगंधा म्हणाली. "फक्त मध्ये थांबले तर घाई करू नका." मग तिनं वडिलांचं म्हणणं सांगितलं. दोनदा अडली. कुणी घाई केली नाही.

"तुझी अडचण कळते गं," निरंजन सर म्हणाले, "पण उद्या प्रत्येक जण कानाला काहीतरी लावून येईल. त्यात काय दडवलंय, मी कसं ओळखायचं?"

"उघडून बघा, सर."

तिनं मला त्यांच्यापुढं ठेवलं. सरांनी माझ्या गाद्या काढल्या, स्पंज ओढून बाहेर काढला, वाट्या उजेडात धरल्या. काहीच सापडलं नाही. सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी मला स्वतःच्या कानांवर घातलं. बाहेर फरशी कापणं चालू होतं. सरांनी मला एकदा काढून पुन्हा घालून बघितलं.

मला उतरवून ते हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तू कान दाबून बसली होतीस, ते मी बघत होतो. मला वाटलं, पेपर अवघड गेलाय."

"पेपर सोपा होता, सर," निशिगंधा म्हणाली.

बाईंनी परीक्षा विभागाकडं चौकशी केली. अशा विद्यार्थ्यांना वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ मिळू शकतो, हे नियमांत होतंच. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तळमजल्यावर मागच्या बाजूला अडगळीची एक खोली होती. ती रिकामी केली, गुणगुणणारी ट्यूब बदलली, जाड पडदे लावले. राहिलेला पेपर निशिगंधानं तिथं बसून दिला. मी तिच्या कानांवर होतो आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. ती चांगल्या गुणांनी पास झाली. परीक्षेनंतरही ती खोली तशीच ठेवली, आवाजाचा त्रास होणाऱ्या कुणालाही शांत बसता यावं म्हणून. अंजलीताईंनी पुन्हा कधी कॉलेज सोडायचं नाव काढलं नाही.

निरंजन सर आता शिकवायचा धडा आदल्या दिवशीच वर्गाच्या ग्रुपवर पाठवतात, म्हणजे तासाला अर्धंमुर्धं ऐकू आलं तरी निशिगंधाचं अडत नाही. त्याचा फायदा बोलताना अडखळणाऱ्या सोनूला झाला, अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या गणराजला झाला, आणि 'डीजे' म्हणून ओरडणाऱ्यांनाही झाला. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. "हे फाजील लाड आहेत," असं म्हणणारे एक सर अजून आहेत. निशिगंधा त्यांच्याही तासाला बसते.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याकडं नवा, हलका मफ आहे. मला तिनं त्या शांत खोलीत ठेवलंय, ज्याला लागेल त्याच्यासाठी. माझी पट्टी सैल झाली आहे, पिवळा रंगही विटला आहे. पण मित्रांनो, मला नीट ठेवा, वापरून झाल्यावर पुसा, म्हणजे मी अजून पुष्कळ दिवस कामाला येईन. आणि तुमच्या वर्गात कुणी कान झाकून बसलं, तर हसण्याआधी एकदा विचारा, "तुला काय लागेल?"

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी खोलीच्या दारात घुटमळत उभी होती. बाहेर गॅदरिंगचे ढोल वाजत होते.

"इथं बसायला काय कारण सांगावं लागतं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही," निशिगंधा मला तिच्या हातात देत म्हणाली. "ये आत. फक्त दार हळू लाव."