मोठ्याने वाचा

आमच्या ऑफिसात एक विचित्र रिवाज होता. दावा टाइप होऊन आला की बाबा तो अशिलाच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोठ्याने वाचा." खरं असेल तिथे माणूस सरळ वाचत जातो, थाप आली की खोकतो, पाणी मागतो. मग बाबा पेनाला टोपण लावायचे. "सही माझी आहे. खातरजमा केलीत का, हे कोर्ट मला विचारणार." यापायी कितीतरी अशील समोरच्या वकिलाकडे गेले. मी त्यांची मुलगी आणि ज्युनिअर, नुसती चडफडत बसायचे.

ही परीक्षा एकालाच माफ झाली. बाबांचे शाळासोबती, आमचे घड्याळकाका. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाशेजारी नवी बेकरी आली आणि तिच्या भट्टीने आपली भिंत तडकली, असा त्यांनी दावा लावला. मी कागद पुढे केला तर बाबा माझ्यावरच खेकसले, "त्याला काय वाचायला लावतेस? घरचा माणूस आहे." आणि सही ठोकून मोकळे झाले.

बेकरीवाली वस्ताद निघाली. जागा घेतानाच तिने दोन्ही दुकानांचा फोटो काढून ठेवला होता. भट्टीचा पत्ता नव्हता तेव्हाची भेग त्यात ठसठशीत दिसत होती.

"दावा खोडसाळ आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "दंड वकिलांना करू, की दावा लावणाऱ्याला?"

बाबांच्या नावावर आजवर एक डाग नव्हता. मी कुजबुजले, "अशिलाने फसवलं म्हणा. सुटाल."

बाबा उभे राहिले. "मला करा. सगळ्यांकडून वाचून घेतो, याच्याकडून घेतलं नाही."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून घड्याळकाका उठले. "मॅडम, आता वाचू का मी?"

परवानगी मिळाली. चष्मा चढवून ते वाचू लागले. "भट्टी सुरू होण्यापूर्वी माझी भिंत..." त्यांना खोकला आला. सवयीने मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"धड नव्हती," ते म्हणाले. "माझ्याकडे दिवसदिवस कुणी फिरकत नाही. शेजारची गर्दी बघवेना."

दंड दोघांना झाला, निम्मा-निम्मा. बाबांनी मान तुकवून तो ऐकला.

बाहेर आम्ही पायऱ्या उतरू लागलो. घड्याळकाका दोन पायऱ्या मागे राहिले होते, खाली मान घालून. बाबा थांबले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या पुढे धरलं.

"मागे पडतंय. बघ जरा."

घड्याळकाकांनी ते कानाला लावलं. मग कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा हातातल्याकडे पाहिलं. दोन्ही घड्याळं तंतोतंत जुळत होती.

"हो, पडतंय खरं," ते म्हणाले. "संध्याकाळी घरी आणून देतो."

दोघांपैकी कुणीही खोकलं नाही.