पाण्याचे केस

घरातला शेवटचा शब्द आपला असावा, अशी सुमित्राबाईंची कधीच हौस नव्हती. पण त्या दुपारी त्यांच्या लेकाने, धनेशने, तो त्यांच्याच पदरात टाकला.

"आये, तूच सांग हिला. तुझं तरी ऐकेल."

नातीला, मनस्वीला, कोचीच्या विद्यापीठात प्रकाशशास्त्राच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली होती. पाच वाजेपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि पालकाच्या हमीपत्रावर बाप सही करायला तयार नव्हता.

"तो शेजारचा मितेश बघ. कॉम्प्युटर केलं, आज खारघरला स्वतःचा फ्लॅट. मला सोसायटीत विचारलं पोरगी काय करते, तर काय सांगू? उजेड बघते?"

"हो बाबा, उजेडच बघते. तुमच्या मोबाइलवरचा व्हिडिओ काचेच्या तारेतून उजेडावर बसूनच येतो. डॉक्टरांचे लेझर, कॅमेऱ्याची भिंगं, चिप बनवायची यंत्रं, सगळ्यांना आमची माणसं लागतात."

"लागतात सगळ्यांना, आणि घेतात दोघांना!"

"सुरुवातीला नोकरी शोधावी लागेल, ते मी कुठे नाकारते?" मनस्वी उठली. "पण काय शिकते ते एकदा बघा तरी."

तिने काचेच्या बरणीत दाट मिठाचं पाणी केलं, खिडकीतल्या उन्हात ठेवलं आणि औषधाच्या ड्रॉपरने तळाशी साधं पाणी सोडलं. बरणीची सावली पलीकडच्या भिंतीवर पडली होती. त्या सावलीत बारीक, नागमोडी धागे हलत हलत वर चढू लागले.

"अगो बाय!" सुमित्राबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे तर पान्याचे केस!"

हे नाव त्यांच्या सासूबाईंचं, सुंदराबाईंचं. आज जिथे टॉवर आहेत, तिथे तेव्हा मिठागर होतं. सुंदराबाई नव्या सुनेला सकाळच्या तिरप्या उन्हात बांधावर उकिडवी बसवत आणि म्हणत, "पान्यात केस हलताना दिसले का समज, चिंबोरीनं बांध पोखरलाय." शेजारचं पातळ पाणी पिकत आलेल्या वाफ्यात झिरपलं की मीठ धरत नसे. मुकादम हसायचा, बायांना भास होतात म्हणायचा. पण सासू बोट दाखवील तिथे हात घातला, की त्या खेकड्याचं बीळ हाताला लागलंच म्हणून समजा. पुढे मिठाच्या चकाकीने सासूबाईंची नजर गेली, आणि वाफे सुमित्राबाईंच्या डोळ्यांवर पिकू लागले.

"म्हणजे आजी, तू हे उघड्या डोळ्यांनी बघायचीस?" मनस्वी थक्क झाली. "अगं, आम्ही याच रीतीने भिंगाच्या काचेतला दोष शोधतो. कारखान्यात वायू कुठून गळतोय, तेही."

"मी एकटी कुठं? तुझा बाप व्हता ना मागं, चिखलाचा गोला घेऊन."

धनेश भिंतीकडेच बघत होता. त्याने हळूच विचारलं, "आये, तुला हे असं दिसायचं?"

"मंग? तुला दिसत नव्हतं?"

"कधीच नाही. तू बोट दाखवायचीस, मी चिखल थापायचो."

"न दिसताच?"

"तू सांगायचीस ना."

एवढं बोलून त्याने मनस्वीकडे पाहिलं. भिंतीवरचे धागे विरत चालले होते. शेवटचा शब्द सुमित्राबाईंना बोलावाच लागला नाही. लेकाला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. भोक दाखवलं, की ते बुजवल्याशिवाय तो थांबत नसे.

"मनू," धनेश चष्मा चाचपत म्हणाला, "सही कुठे करायची? आणि तिकडे काय ते सगळं खोबरेल तेलात करतात म्हणे. जेवशील ना नीट?"

मनस्वी कागद आणायला धावली. सुमित्राबाईंनी बरणी जवळ ओढली. शाळेचं तोंड न पाहिलेली एक बाई, आंधळी होण्याआधी आपली नजर सुनेच्या हवाली करून गेली होती. तिचे पाय धरायचे तेव्हा राहूनच गेले.

त्यांनी ड्रॉपर भरला आणि तळाशी पाणी सोडलं. भिंतीवर केस पुन्हा हलू लागले. सुमित्राबाई खाली बसल्या आणि त्यांनी भिंतीला हात जोडले.