सत्त्याऐंशी नंबरची रायफल

थोरला भाऊ मनोहरदादा गेला आणि त्याचं घर आवरायला सुलेखाला दोन शनिवार पुरले. बुकित तिमाहच्या त्या भाड्याच्या कॉन्डोत एकट्या माणसाचं सामान असून असून किती असणार? पुस्तकं मराठी मंडळाच्या वाचनालयात गेली, कपडे तिच्या नवऱ्याने, प्रबोधने, देऊन टाकले. राहिली ती रायफल, आणि ती घरात नव्हतीच. सिंगापुरात बंदूक घरी ठेवता येत नाही. चोआ चू कांगच्या पलीकडे, कब्रस्तानांच्या रस्त्यावर एक नेमबाजी क्लब होता, त्याच्या आर्मरीत, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, ती लोखंडी दाराआड पडून होती.

ऑस्ट्रियातल्या एका जुन्या कारखान्याने आपल्या दीडशेव्या वर्षाची आठवण म्हणून दीडशेच रायफली काढल्या होत्या. त्यातली दादाची सत्त्याऐंशी नंबरची. अक्रोडाचा दस्ता, चापाच्या वर चांदीचा पत्रा, त्यावर कोरलेलं सूचिपर्णी झाडांचं जंगल. दादाने ती २००१ साली मागवली आणि नंतर एकदाही झाडली नाही. दर रविवारी सकाळी जायचा, हातमोजे घालून पेटीतून काढायचा, पुसायचा, अर्धा तास मांडीवर घेऊन बसायचा आणि परत ठेवायचा.

सुलेखाला नेमबाजी शिकवली दादानेच. जुरोंग ईस्टच्या ऑफिसात आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून मान अवघडली की रविवारी ती क्लबवर जायची. दादाची ही पूजा बघून तिला राहवायचं नाही.

"अरे दादा, बंदूक आहे ती, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. एक तरी गोळी झाड. नाहीतर मला झाडू दे."

"एकदा झाडली की ती इतर चार बंदुकांसारखी होते, सुलू. मी असेपर्यंत नाही. माझ्यामागे काय घालायचा तो गोंधळ घाल."

यावरून एकदा चांगलंच वाजलं. चार महिने दोघं बोलत नव्हती. नंतर गणपतीत बोलायला लागली, पण रायफलीचा विषय दोघांनीही काढला नाही. २००७च्या मार्चमध्ये एका बुधवारी ऑफिसला जाता जाता दादा स्टेशनच्या जिन्यावर बसला तो उठलाच नाही. सुलेखाने सगळं निस्तरलं. रडली मात्र नाही. आतून काही हललंच नाही म्हणा ना.

लायसन तिच्या नावावर व्हायला जून उजाडला. तेवढ्यात त्या कारखान्याच्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना त्या मालिकेतली एक रायफल हवी होती. अट एकच, ती कधी झाडलेली नसावी.

"देऊन टाक," प्रबोध म्हणाला. "काचेच्या कपाटात राहील. दादांना दुसरं काय हवं होतं?"

कॉलेजात जाणारी गार्गी फोनवरून मान वर न करता सिंगापुरी ढंगात म्हणाली, "शूट लाह, आई. नाहीतर बनवली कशाला?"

पत्राला उत्तर देण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून सुलेखा रविवारी क्लबवर गेली. आर्मरी सांभाळणारे मिस्टर ओंग साठीच्या पुढचे, कामापुरतं बोलणारे गृहस्थ. तिने संग्रहालयाच्या पत्राचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, पण झाकणावरचा हात काढला नाही.

"मॅडम, कुठे पाठवायची असेल तर आधी हे बघा."

त्यांनी नळीमागचा सरकता बोल्ट काढून ठेवला, सळईच्या टोकाला पांढरी चिंधी लावली आणि नळीतून आरपार घातली. चिंधी बाहेर आली ती काळीभोर. सुलेखाने ती नाकाशी नेली. जळक्या दारूचा ताजा वास, नुकतीच गोळी सुटल्यासारखा.

"कोणी झाडली?"

"कोणी नाही. मार्चपासून दर रविवारी मी साफ करतो. पहिली चिंधी काळी, दुसरी पांढरी. एका गोळीची काजळी, मॅडम, जास्त नाही, कमी नाही. मी चाळीस वर्षं हेच बघतोय." त्यांनी सळई पुसली. "क्लबात एकेक काडतूस सही घेऊन देतात. सगळा हिशेब जुळतो. एकही कमी नाही."

खोलीला खिडकी नव्हती. एसी एकसुरात घुमत होता. सुलेखाला वाटलं, म्हातारपणी याच्या हातून काही घोटाळा होत असेल. तिने नळी स्वतः साफ केली, तोंडावर मेण ओतून त्यावर बोट दाबलं, बोल्टला दोरा गुंडाळून कागद चिकटवला आणि त्यावर सही केली. पेटीला क्लबातल्या आपल्या लॉकरचं कुलूप घातलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये राहिली.

तो आठवडा तिने कसाबसा काढला. मीटिंगमध्ये लोक बोलत असायचे आणि तिच्या नाकात अचानक तो वास भरायचा. शेजारच्या मुलीला तिने विचारलंसुद्धा, "काही जळतंय का गं?" काहीच जळत नव्हतं.

पुढच्या रविवारी कुलूप जसंच्या तसं होतं. कागद कुठे फाटलेला नाही, सही जागच्या जागी, मेणावर तिच्याच बोटाचा ठसा. तिने मेण खरवडून काढलं, दोरा कापला, चिंधी घातली.

चिंधी काळी निघाली.

तिच्या हातातून सळई सुटली आणि फरशीवर खणखणत गेली. ओंगनी ती उचलली नाही. ते मागच्या कपाटाकडे गेले, मार्च महिन्याचं रजिस्टर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या भावाचा शेवटचा रविवार."

दादाचं ते किरटं अक्षर. रायफल क्रमांक सत्त्याऐंशी. काडतूस घेतलं, एक. परत केलं, एक.

"पहिल्यांदाच मागितलं त्यांनी," ओंग म्हणाले. "मला इतकं बरं वाटलं! सात नंबरची लेन दिली. काडतूस भरून, गालाशी दस्ता लावून ते तासभर तसेच बसले. मी दोनदा डोकावलो. मग बाहेर आले, काडतूस माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, 'पुढच्या रविवारी नक्की.' घामाने शर्ट भिजला होता त्यांचा."

सुलेखाने ती ओळ पुन्हा वाचली. चार महिने ज्याच्याशी अबोला धरला, तो माणूस इथे एकटा तासभर बसून हरला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पाठवावी ऑस्ट्रियाला? काचेच्या कपाटात दर रविवारी ही नळी अशीच काळी होत राहील, आणि तिथल्या कोणाला त्यातलं काही कळायचं नाही.

"मिस्टर ओंग, एक काडतूस द्या."

"झाडली की परत फिरवता येणार नाही, मॅडम. संग्रहालय घेणार नाही."

"माहीत आहे."

तिने सही केली. सात नंबरच्या लेनमध्ये जाऊन पोटावर आडवी झाली. रेंजवर दुसरं कोणी नव्हतं. काडतूस आत सरकवलं, बोल्ट बंद केला, दस्त्याला गाल लावला आणि ती दचकली. एसीच्या गारठ्यात लाकूड कोमट होतं, कोणीतरी नुकताच गाल उचलून बाजूला झाल्यासारखं. उठून पळावंसं वाटलं तिला. पण उठली असती तर काडतूस परत करावं लागलं असतं, रजिस्टरात आणखी एक तशीच ओळ पडली असती.

"दादा, सरक," ती पुटपुटली.

काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरून, अर्धा श्वास सोडून तिने चाप ओढला.

आवाज अगदी लहान झाला. खांद्याला हलका धक्का बसला. लाकूड तिच्या गालाखाली हळूहळू गार होत गेलं, ते तिला स्पष्ट जाणवलं.

तारेवरून सरकत टार्गेट पुढ्यात आलं. मधलं वर्तुळ कोरं होतं. भोक होतं वर डाव्या कोपऱ्यात. पंधरा वर्षांत तिची गोळी तिथे कधी गेली नव्हती. तिथे जायच्या त्या दादाच्या गोळ्या. उजवा डोळा अधू, त्यामुळे नेम कायम वर आणि डावीकडे. यावरून ती त्याला किती चिडवायची! ओंगनी कागद हातात घेतला, दिव्यासमोर धरला आणि घडी घालून तिला दिला.

त्या दुपारी तिने संग्रहालयाला कळवलं की रायफल झाडलेली आहे. त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. प्रबोध थोडा हळहळला. काळ्या चिंध्यांचं तिने घरात कोणालाच सांगितलं नाही. सांगून पटलं असतं कोणाला?

नंतरच्या रविवारी ती क्लब उघडायच्या आधीच दाराशी उभी होती. ओंगनी पेटी आणली. चिंधी नळीतून आरपार गेली आणि बाहेर आली तशी पांढरीशुभ्र. तिने दुसरी घातली, तिसरी घातली. तेलाचा पुसट डाग, बाकी काही नाही. वासही नाही.

तीन महिने इथे कोणीतरी दर रविवारी येत होतं. आता येणारं कोणी नव्हतं. टेबलाच्या कडेला धरून सुलेखा रडायला लागली, हमसून हमसून, तोंडावर ती पांढरी चिंधी दाबून.

ओंगनी खुर्ची पुढे सरकवली आणि दार लोटून घेतलं. बाहेर नेमबाजीच्या तासाला येणारी मंडळी जमत होती, कोणीतरी हसत होतं. दहा मिनिटांनी ते हलकेच म्हणाले, "मॅडम, आज किती काडतुसं लिहू?"

तिने नाक पुसलं.

"दहा," ती म्हणाली.